सख्खे भाऊ : एक

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

रुपालीने ही डायरी माझ्यापुढे आपटली. मोटार स्टार्टरच्या कंपनीने दुकानदारांना वाटलेली. "घरात आरडाओरडा करण्यापरीस याच्यात करा," म्हणाली. मेहकरच्या डॉक्टरने माझं बीपी बघून तिला सांगितलं होतं की यांचा राग मोकळा व्हायची काहीतरी सोय लावा. बायकोने लावलेली सोय ही. माझा राग एवढ्याशा डायरीत मावेल असं तिला वाटतं. वीस वर्षं संसार करून हेच ओळखलं.

तर लिहितो. मी भागवत शंकरराव मापारी, वय त्रेचाळीस. सुलतानपूरला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. आता ते मे महिन्यापर्यंत आमचा हंगाम. विहिरींचं पाणी खाली जातं, मोटारी जळतात, आणि जो तो माझ्या उरावर येऊन बसतो. पण राग गिऱ्हाइकांचा नाही. राग वरवट बकालच्या ढग्यांचा आहे. माझी मावशी मनकर्णाबाई, तिचा नवरा किसनराव मावसा, त्यांचा थोरला मोतीराम आणि धाकटा रवी.

आता खरं काय ते एकदा लिहून टाकतो, कारण तोंडाने कोणी बोलत नाही. मी त्या मावशीच्याच पोटचा. मोतीराम आणि रवी यांच्या मधला. मावशीच्या धाकट्या बहिणीला, तानाबाईला, मूल होईना. मी तीन वर्षांचा असताना मला तिच्या ओटीत घातलं. दत्तविधान झालं, हातावर पाणी सोडलं. तेव्हापासून तानाबाई माझी माय, आणि जिने जन्म दिला ती मावशी. दोन्ही गावांना माहीत आहे. चाळीस वर्षांत कोणी उच्चार केला नाही. मलाही त्याचं काही वाटत नाही.

रवी बत्तीस वर्षांचा. जळगाव जामोदच्या शाळेत गणित शिकवतो. डिसेंबरपासून त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, अंगावर काळेनिळे डाग. अकोल्याला निदान झालं. अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. लाखात एखाद्याला होतो म्हणे. हाडांच्या आतल्या मगजाने रक्त बनवायचंच सोडून दिलंय. मला माझ्या भाषेत कळलं ते एवढंच की वाइंडिंग जळालंय, आणि बाहेरून रक्त चढवणं म्हणजे नुसती ढकलगाडी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अकोल्याहून आलो. जेवायच्या आधी लिहायला बसलो.

सकाळी मोतीरामचा फोन. "रवीले रक्त लागते. बी पॉझिटिव्ह भेटूनच नाही राह्यलं." दुकान बंद केलं, चार गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या, गाडी हाणत गेलो. वॉर्डाबाहेर सगळे बसलेले. मोतीराम म्हणाला, "डॉक्टर म्हनते घरच्यायचं रक्त नोको. सख्ख्यायचं तं बिलकुलच नोको. पुढं त्याईचंच काही लागलं तं पंचाईत होते. म्हनून मी देऊन नाही राह्यलो." बरं कारण सापडलं त्याला. मोतीराम लहानपणापासून सुईला घाबरतो.

मी म्हटलं, माझा गट ओ, कोणालाही चालतो, आणि मी काही घरचा नाही, मी मावसभाऊ. बाही वर केली आणि रक्तपेढीकडे निघालो. तर मावशी उठली. सत्तरीला आलेली बाई, पळत आली आणि माझं मनगट धरलं.

"तुहं नोको."

"काऊन नोको?"

"नोको म्हनलं ना. तू नोको देऊ."

भरल्या वऱ्हांड्यात! कारण नाही, काही नाही. नुसती मान हलवत राहिली आणि मनगट सोडेना. तिच्या बांगडीचा वण उठलाय. शेवटी रवीच्या शाळेतल्या एका बाईंनी रक्त दिलं. परक्या बाईचं चाललं. माझं चाललं नाही.

१२ फेब्रुवारी

तुहं नोको म्हणे. आज एका मोटारीचं वाइंडिंग उलटं भरलं. सगळी तार काढून पुन्हा भरावी लागली. रुपाली म्हणते, "काही कारण असंन त्याईचं." कारण मला माहीत आहे. एकदा दिलेली वस्तू परत घेतली असं व्हायला नको. एवढी टाकाऊ वस्तू होती तर जन्माला कशाला घातली?

४ मार्च, मंगळवार

नागपूर. मोठं हॉस्पिटल. घरात सात सीटची गाडी फक्त माझ्याकडे, त्यामुळे ड्रायव्हर मीच. पहाटे सुलतानपूरहून वरवट, तिथून सगळ्यांना भरून नागपूर. खर्चाचं सरकारी योजनेतून आणि मोतीरामच्या ओळखीतून जमतंय, त्यात मी पडत नाही.

मावशी माझ्या मागच्या सीटवर. आरशात बघावं तेव्हा तिची नजर माझ्या डोक्यावर. मूर्तिजापूरच्या पुढे म्हणाली, "मानीवरचे केस वाढले तुहे." पोरगा शेजारी तोंडाला रुमाल लावून बसलाय आणि हिला माझ्या मानेवरचे केस दिसतात. मी गाणी लावली.

तिथे महामाया मॅडम म्हणून समुपदेशक आहेत. चांगल्या बाई, स्पष्ट बोलतात. रवीला दुसऱ्याच्या मूळ पेशी चढवाव्या लागतील म्हणाल्या. त्या सख्ख्या भावंडाच्या जुळण्याची शक्यता चारात एक. चुलत, मावस यांचं जुळणं म्हणजे नशीब. मग फॉर्म काढला.

"पेशंटला सख्खे भाऊ-बहीण किती?"

मावसा म्हणाले, "एक भाऊ. मोतीराम."

मॅडमनी लिहिलं : एक. मग माझ्याकडे बघितलं. मी पाण्याच्या चार बाटल्या आणि फाइल घेऊन मागे उभा. "आणि हे?"

"हे तानाबाईचे. मावसभाऊ. गाडी यायची हाय."

गाडी यांची आहे, एवढीच माझी ओळख! मी मोतीरामकडे बघितलं, तो भिंतीवरचं पोस्टर वाचत होता. मावशीकडे बघितलं, ती पदराचं टोक पिळत होती. रवी डोळे मिटून बसला होता, आणि मी गाडी सावलीत लावतो म्हणून बाहेर आलो. गाडी सावलीतच होती.

मावसा खोटं बोलले असंही नाही. त्यांच्या हिशेबात त्यांना दोनच पोरं. दिलेल्या पोराला आपलं म्हणायचं नाही, त्याच्याकडून काही मागायचं नाही, हा त्यांचा कायदा. पण तिकडे पोरगा मरायला टेकलाय, आणि हे कायदा सांभाळतायत.

२५ मार्च

मोतीरामचा रिपोर्ट आला. अर्धाच जुळतो. पेशी देणाऱ्यांच्या देशभरच्या यादीत शोधलं, तिथे जुळणारं एकही नाव नाही.

रुपाली म्हणाली, "आता तुमीच म्हना ना, माही तपासनी करा म्हनून."

मी का म्हणू? मी काय दारोदार फिरतोय का, घ्या हो कोणी माझं रक्त म्हणून? एकदा घेऊन गेलो होतो, मनगट धरून परत पाठवलं. त्यांना गरज आहे, त्यांनी मागावं. एक शब्द टाकावा. मी काय नाही म्हणणार आहे? त्यांनी फक्त मागावं.

रुपाली म्हणाली, "आन तोवर रवीभाऊ?" आणि भाजी निवडायला निघून गेली. हिला असं अर्ध्यात उठून जायची सवय आहे.

९ एप्रिल

मायला आज सगळं सांगितलं. मोतीरामचं जुळत नाही, सख्खंच लागतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माहे गुडघे लय दुखून राह्यले." म्हटलं वरवटला येते का, रवीला बघायला? तर म्हणे गाडी लागते. हीच बाई गेल्या वर्षी बसने चार धाम करून आली.

संध्याकाळी लोखंडी पेटीची जागा बदललेली दिसली. दत्तविधानाचे कागद, फोटो, वडिलांची घड्याळं, सगळं त्यात आहे. माझ्या खोलीतून उचलून तिने स्वतःच्या खाटेखाली ढकलली. म्हटलं, काऊन? म्हणे उंदीर झाले. आणि मधल्या वारी, सण नाही काही नाही, पुरणपोळी केली आणि मी पाच खाईपर्यंत समोरून हलली नाही. वय झालंय तिचं. घरात कोणाचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

दुपारी दुकानात वार्निशचा डबा उघडला होता, तेवढ्यात रवीचा फोन. वॉर्डातून. ताप उतरत नाही, छातीत बुरशी धरलीय म्हणे. आवाज एवढासा.

"दादा, काय करून राह्यला?"

"मोटार भरतो, दुसरं काय."

"किती फेरे घेते?"

गणिताचा मास्तर तो. त्याला तारेचे फेरे, गेज, सगळं सांगत बसलो. मग तो म्हणाला, "मोतीदादाचं अर्धं जुळते त्याच्यावरच करू म्हनते डॉक्टर. धोका लय हाय. पन आता थांबता येत नाही म्हनते. रक्त चढवू चढवू अंग बिघडून राह्यलं."

मी ब्रश खाली ठेवला. तो पुढे म्हणाला, "मी चौथीत असतानी मायले इचारलं व्हतं, भागवतदादा आपल्या घरी काऊन नाही राहत? मायनं दोन दिवस अन्न शिवलं नाही. मंग म्या कधी इचारलंच नाही."

म्हणजे याला माहीत आहे. मरायला टेकलाय, माहीत आहे, आणि तोही मागत नाही! आईने जेवण सोडू नये म्हणून. मी फोन ठेवला. वार्निश वाळून गेलं होतं.

चूक माझीही आहे, असं रुपालीचं म्हणणं. ते मी लिहून ठेवतो, मान्य करत नाही.

६ मे, मंगळवार

पुन्हा नागपूर. मोतीरामच्या अर्ध्या जुळणीवर करायचं म्हणून नवा फॉर्म. तीच खोली, त्याच मॅडम, तोच मी बाटल्या घेऊन मागे.

"पुन्हा एकदा खात्री करते. सख्खे भाऊ-बहीण?"

"एक," मावसा म्हणाले.

"दोन," मी म्हणालो.

एवढ्या मोठ्याने म्हणालो की बाहेरची नर्स डोकावली. "दोन लिवा मॅडम. मोतीराम आन मी. याच मायबापाचा हाय मी. दत्तक देल्ला म्हनून मावसभाऊ."

मावसा खुर्चीवरून उठले. "म्या पानी सोडलं हाय त्याच्यावर. देल्लं ते देल्लं. दुसऱ्याच्या घरचं लेकरू हाय ते, त्याले हात लावाचा मले अधिकार नाही."

"पानी सोडल्यानं रक्त बदलते का मावसा? सहा तास तुमाले आनतो, सहा तास नेतो, बाटल्या धरून उभा राहतो, आन तुमी मले गाडीवाला म्हनून सांगता!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, पण आवाज बदलला. "दोन महिने, काका. या पेशंटचे दोन महिने गेले." मावशी खाली फरशीवरच बसली, तोंडावर पदर घेऊन. तिलाही राग आला असणार, नवऱ्याचा शब्द मोडला म्हणून. मोतीराम मात्र माझ्याकडे बघून पहिल्यांदा नीट हसला. "बरं झालं बे," म्हणाला. अरे, मग तू का नाही बोललास?

लगेच माझं रक्त घेतलं. मॅडमनी प्रश्न विचारले. आजार, ऑपरेशन, दारू. मग म्हणाल्या, "पेशंटला कधी तुमचं रक्त दिलंय?"

"देऊ दिलं नाही," मी म्हणालो.

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि बरोबरची खूण केली. काय बरं झालं? ज्याला त्याला माझं रक्त नको आहे, आणि वर बरं झालं.



७ मे

मायला कोणीतरी फोन केलेला दिसतो. माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, समोर ठेवते, आत जाते. तिला विचारलं, मी काय वाईट केलं? तर आतून म्हणाली, "मले कोन इचारते." दोन घरं, तीन म्हातारे कोतारे, आणि प्रत्येकाला मीच छळलंय!

२६ मे, सोमवार

महामाया मॅडमचा फोन. दहापैकी दहा. पूर्ण जुळलं. "सख्ख्या भावातसुद्धा असं नेहमी होत नाही," म्हणाल्या.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसलो. एवढा आनंद झाला की काय करावं कळेना, म्हणून मोतीरामला फोन करून दोन महिने वाया घालवल्याबद्दल शिव्या दिल्या. तो ऐकत राहिला. रडत होता मला वाटतं.

मायला सांगितलं. ती म्हणाली, "जाय मंग. तिचाच हाय तू." आणि दार लावून घेतलं. म्हटलं, "माय, सुई टोचून यायचं हाय, घर बदलाचं नाही."

२९ मे, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

साडेअकराला दुकानातून घरी पाणी प्यायला गेलो तर मावशी अंगणात. एकटी. वरवटहून शेगाव, खामगाव, मेहकर अशा बस बदलत आली होती, मे महिन्याच्या उन्हात. चाळीस वर्षांत ती या घरी फक्त वडील गेले तेव्हा आली होती, आणि तेव्हाही ओसरीवरून परत गेली.

मी म्हटलं, "मावशी, फोन करती तं मी आलो असतो." तिने माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ आत गेली, मायच्या खाटेपुढे खाली बसली आणि पदर पसरला. धाकट्या बहिणीपुढे!

"ताना, तुही वस्तू हाय. तुले इचारल्याबिगर मी हात लावला नाही, लावनार नाही. माह्यं लेकरू मरून राह्यलं. थोडंसं मांगाले आली."

माय खाटेवरून खाली उतरली. मग म्हणाली, "भागवतनं दोनदा सांगतलं, तू नाही आली. मले वाटलं आता घेऊनच जाशीन."

"मले कोनाले सांगाची हिंमत नाही झाली. तुले शब्द देल्ला व्हता. माह्या तोंडून त्याले माहा म्हननार नाही."

"म्हनली का कधी?"

"एक डाव बी नाही."

मग दोघी रडल्या. एकमेकींना धरून, मोठमोठ्याने. मी दारात तांब्या घेऊन उभा. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. माझं स्वतःचं दुकान आहे, बीपी आहे. हॉस्पिटलच्या कागदावर माझी सही लागते, कोणाच्या मायची नाही. आणि या दोघी बैलजोडीतला एक बैल पेरणीपुरता मागावा तसा माझा व्यवहार करत होत्या. मी खाकरलो. दोघींपैकी एकीनेही मान वर केली नाही.

शेवटी मायने डोळे पुसले. "दहा-पंधरा रोजासाठी देतो. जेवाले नीट देजो. त्याले कढी लागते. मंग वापस पाठवजो."

"पाठवतो," मावशी म्हणाली. "तुह्या पायाशी आनून सोडतो."

मग दोघींनी मिळून स्वयंपाक केला आणि दोघींनी मिळून मला वाढलं. दोघींचं एकमत झालेली गोष्ट म्हणजे मी वाळलो आहे.

१७ जून, मंगळवार, नागपूर

पाच दिवस इंजेक्शनं झाली. त्याने हाडांतल्या पेशी रक्तात उतरतात म्हणे. अंग असं ठणकत होतं की शिव्या द्यायलाही जोर नव्हता. तिकडे रवीला काचेच्या खोलीत घेऊन औषधांनी त्याचा उरलासुरला मगज पुरता मारला. मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "यानंतर तुम्ही माघार घेतली, तर तो वाचणार नाही." मला! चार महिने मी बाही वर करून उभा आहे, आणि माघार मी घेणार!

आज पेशी काढल्या. एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, तिथे गरगर फिरून पेशी वेगळ्या होतात, बाकीचं दुसऱ्या हाताने परत. चार तास. मशीनच्या मोटारीचा आवाज मला सुरुवातीपासून खटकत होता. नर्सला सांगितलं, याचं बेअरिंग जातंय, पंधरा दिवस टिकेल. तिने बीपी परत मोजलं.

माय येणार नाही म्हणाली होती. दहा वाजता डबा घेऊन हजर. कढी. मावशी एका बाजूला, माय दुसऱ्या बाजूला, माझे दोन्ही हात अडकलेले. माय घास भरवायची, मावशी तोंड पुसायची. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

मग मावसा आले. दाराशीच उभे राहिले, टोपी हातात. बराच वेळ नळीतून जाणारं रक्त बघत होते.

"दुखते का?"

या माणसाने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. आजवर सगळ्या ऑर्डरीच ऐकल्या. मी म्हटलं, "नाही." खूप दुखत होतं.

दुपारी ती पिशवी रवीकडे गेली. एवढीशी, फिकट लाल. काचेतून बघितलं. थेंब पडत होते. रवीने दोन बोटं वर केली. दोन भाऊ म्हणाला की विजयाची खूण केली, देव जाणे.

४ जुलै

रवीच्या पांढऱ्या पेशी वाढायला लागल्या. माझ्या पेशी तिकडे कामाला लागल्या म्हणे. बरं आहे, घरात कोणीतरी वेळेवर काम करतंय. रुपालीला हे वाचून दाखवलं तर ती हसली आणि मग एकदम तोंड फिरवून बसली. हिला काय झालं आता?

५ ऑक्टोबर, रविवार

काल नागपूरला रवीची तपासणी होती. तीन महिने उलटून गेले. गोळ्या आहेत, तोंडाला मास्क आहे, पण स्वतः जिना चढला. रक्तगटाचा कागद हातात दिला. आधी बी होता, आता ओ. "दादा, शाळेतल्या रजिस्टरमंदी बदलावं लागंन," म्हणाला. मावसांनी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. रक्त बदलतं का म्हणून मीच त्यांना विचारलं होतं. त्यांनी कागद घडी करून टोपीत ठेवला.

मी बाहेर बाकावर बसलो होतो. पलीकडे वाशीमकडचं कोणी कुटुंब, नवीन पेशंट. डॉक्टर त्यांना समजावत होते. "घरच्यांचं रक्त त्याला देऊ नका. सख्ख्या भावाचं तर मुळीच नाही. आत्ता दिलंत, तर त्याचं शरीर ते ओळखायला लागतं, आणि पुढे त्याच भावाच्या पेशी चढवल्या तर झिडकारून टाकतं."

मी ऐकलं. हे मी आधीही ऐकलं होतं. अकोल्याच्या वऱ्हांड्यात, मोतीरामच्या तोंडून. आणि त्यानंतर बाही वर करून निघालो होतो.

घरी येऊन डायरी मागे उलटली. ११ फेब्रुवारी. "तुहं नोको." सगळं मीच लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. सख्ख्यांचं नको हेही, आणि लगेच खाली मनगट धरलं हेही. आठ महिने मी या पानावरून जळतोय. फॉर्मसाठी मावसांनी एक सांगितलं त्याच्या तीन आठवडे आधी मावशी मला सख्ख्यांत मोजून बसली होती. बोलायची सोय नव्हती, म्हणून हात धरला.

आज सकाळी मायला गाडीत घातलं आणि वरवटला गेलो. गुडघे दुखतात म्हणाली नाही. मावशी चुलीपुढे भाकरी करत होती, माय तिच्या शेजारी ठेचा वाटत बसली. मी समोर ताट घेऊन.

मी विचारलं, "त्या दिशी अकोल्यात माहा हात काऊन धरला व्हता?"

मावशीने भाकर उलटली. "मले काय समजते बाप्पा डॉक्टरचं. जेव, थंडी होते."

मायने वरवंटा थांबवला. ती बहिणीकडे बघत होती. तिला कळलं होतं, बहुतेक माझ्या आधी. मावशी तव्याकडेच बघत होती, दिलेला शब्द अजून तोंडात धरून. माझ्या तोंडात एक शब्द आला. अगदी दातांपर्यंत आला. पण ज्या बाईला मी तो आजवर म्हणत आलो, ती हातभर अंतरावर बसली होती, आणि तिचा श्वास अडकलेला मला ऐकू येत होता.

मी ताट पुढे केलं.

"मावशी," म्हटलं, "अजून एक भाकर दे."

वरवंटा पुन्हा सुरू झाला. मी पाच खाल्ल्या.